ऋणनिर्देशाचं पान

आमच्याकडे थिसिस बाइंडिंगला आला की मी सगळ्यात आधी ऋणनिर्देशाचं पान उघडते. आतलं काय ते मला बहुतेक वेळा कळत नाही, कळायची गरजही नसते, पानांचे नंबर सलग आहेत का, डावीकडे दीड इंच जागा सोडलीय का, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडला आणताना जोडाक्षरं फुटलीत का एवढं बघितलं की माझं काम झालं, पण ऋणनिर्देश मी वाचतेच. गाईडचे आभार सगळ्यांचे सारखेच असतात, मग प्राचार्य, मग ग्रंथपाल, आणि खाली खाली जात शेवटच्या चार ओळींत माणूस सापडतो. एका बाईंनी लिहिलं होतं की सासूबाईंनी सहा वर्षं नातवाला शाळेत ने-आण केली म्हणून हे झालं. एकीने नवऱ्याचं नावच घातलं नव्हतं, आणि तो स्वतः बिल द्यायला आला होता! मी गुपचूप पुठ्ठा लावून दिला.

गंगापूर रोडला आमचं दोन गाळ्यांचं दुकान आहे, झेरॉक्स, डीटीपी, स्पायरल, आणि परीक्षेचा सीझन नसला की थिसिस. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी फॉइल ठेवून गरम ठशाने अक्षरं दाबायची. ठसा जरा जास्त तापला की सोनं पसरतं आणि डॉक्टरेट झालेल्या माणसाचं नाव माशी बसल्यासारखं दिसतं, मग परत पहिल्यापासून. मी स्वतः मुक्त विद्यापीठाची बीए. पण नाशिकमधल्या कितीतरी पीएचड्यांच्या पाठीवर माझ्या हाताची अक्षरं आहेत, हे मी कोणाला सांगत नाही, इथे सांगतेय.

मागच्या महिन्यात निफाडकडच्या कॉलेजला शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या. पाच कॉप्या, अर्जंट. रजिस्ट्रेशन झालं, मग बाळंतपण, मग कोरोना, मग सासऱ्यांचं आजारपण, शेवटी एक्स्टेन्शन घेऊन घेऊन कसंबसं आणलं म्हणाल्या. (यूजीसीने २०१६ पासून बायकांना पीएचडीला दोन वर्षं जास्तीची दिलीत आणि २४० दिवसांची बाळंतपणाची रजा, हे मला माझ्या गिऱ्हाइकांमुळेच माहिती. निम्म्या बायकांना हे रजिस्ट्रेशन संपत आल्यावर कळतं.) डिंक वाळेपर्यंत बसा म्हटलं, चहा सांगितला, तर त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावून माझ्यासमोर धरला. म्हणाल्या, ताई ही बाई बघा, मला जेव्हा जेव्हा सोडून द्यावंसं वाटलं तेव्हा मी हिला लावून बसायचे.

ती बाई म्हणजे झिंबाब्वेची तेरेराय ट्रेंट.

तोपर्यंत मी हे नाव ऐकलं नव्हतं. त्यानंतर आठ-दहा दिवस दुकान बंद केल्यावर मी तिच्याबद्दल मिळेल ते बघत, वाचत बसले. व्हॉट्सॲपवर तिची जी गोष्ट फिरते ना, डब्यात स्वप्नं पुरली आणि ती खरी झाली, ती मला आधी कोणीतरी पाठवलेली होती आणि मी न वाचता पुढे ढकललेली होती. आता पूर्ण कळल्यावर वाटलं की फॉरवर्ड करणाऱ्यांनी तिच्या गोष्टीतलं नेमकं कष्टाचं तेवढं काढून टाकलंय.

तर ती जन्मली तेव्हा झिंबाब्वे नावाचा देशच नव्हता, ऱ्होडेशिया होता, गोऱ्यांचं राज्य. तिचा भाग हुरुंग्वे, तंबाखूचा पट्टा. घरात शाळेत जायचं ते भावाने, तिनाशेने, कारण पुढे कमावणार तोच. तो शाळेतून यायचा, ती त्याची पुस्तकं उघडून स्वतःच्या स्वतः वाचायला शिकली आणि मग त्याचा गृहपाठ पण तीच करायला लागली. मास्तरांच्या लक्षात आलं की वर्गात या पोराला काही येत नाही आणि घरून येणारा गृहपाठ मात्र एकदम चोख. चोरी पकडली गेली. मास्तर घरी येऊन वडिलांना म्हणाले हिला शाळेत घाला. घातली, जेमतेम एक-दोन सत्रं बसली असेल, तोवर लग्न. वय साधारण अकरा. अठराची होईपर्यंत पदरात पोरं, आणि नवरा असा की हिच्या हातात जुन्या पेपरचा तुकडा दिसला, ही वाचताना दिसली, की मारायचा.

पेपरच्या तुकड्यापाशी मी थांबले. कारण आमच्या घरात तो तुकडा होता.

माझी आई सिन्नरची. सिन्नर म्हटल्यावर नाशिककरांना वेगळं सांगायला नको, घरोघरी विड्या. आईच्या मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, आणि बोटं आपोआप चालायची, बोलता बोलता, भांडता भांडता, हजार विड्या झाल्या की दिवस सुटला. त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढतील त्या गेल्याच, त्याचे पैसे नाहीत. तिची सातवी झाली होती. किराणा ज्या कागदात बांधून यायचा तो कागद ती आधी सरळ करायची, दोन्ही बाजूंनी वाचायची आणि मग चुलीत. कधीकधी बातमी अर्धी असायची, मग पुढे काय झालं असेल ते ती आम्हाला स्वतःच्या मनाने सांगायची. वडील मारायचे नाहीत, खोटं कशाला बोलू. हसायचे. "काय कलेक्टर होतीस का?" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मला कलेक्टर या शब्दाचाच राग येतो.

मी दहावीला बसले त्याच वर्षी आईने सतरा नंबरचा फॉर्म भरला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचं असेल तर बोर्डाचा तो फॉर्म. माझंच एकवीस अपेक्षित आम्ही दोघी वापरायचो. दिवसा माझ्याकडे, रात्री तिच्याकडे, सकाळी परत माझ्याकडे आलं की पानापानाला तंबाखूचा वास, आणि इतिहासाच्या पानावर तिच्या बोटांचे तपकिरी ठसे. मी तेव्हा जाम चिडायचे. मी पास झाले. आईचं गणित आणि इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला परत बसली, परत दोन्ही राहिले. पुढच्या मार्चला इंग्रजी सुटलं, छत्तीस मार्क, गणित राहिलं ते राहिलंच.

हे सगळं यासाठी सांगतेय की तेरेरायच्या गोष्टीत आठ वर्षं आहेत. ती फॉरवर्डमध्ये नसतात.

ते असं झालं. १९८० ला देश स्वतंत्र झाला, झिंबाब्वे झाला. मग १९९१ साली तिच्या गावात हायफर इंटरनॅशनल नावाच्या संस्थेची माणसं आली, ही संस्था गरीब घरांना गाय, शेळी असं जनावर देते. पुढे तिच्या प्रमुख झालेल्या जो लक नावाच्या अमेरिकन बाई, त्या गावातल्या बायकांबरोबर गोल करून बसल्या आणि एकेकीला विचारायला लागल्या की तुला काय करायचंय. आता आपण पण बचत गटाच्या मीटिंगा बघितल्यात, असं कोणी बाहेरचं विचारलं की बायका आधी एकमेकींकडे बघतात, मग पदर तोंडाला. ही पण गप्प होती. दोनदा विचारल्यावर बोलली, आणि काय बोलली तर अमेरिकेला जायचंय, पदवी घ्यायचीय, मास्टर्स करायचंय, पीएचडी करायचीय. शाळा एक वर्षसुद्धा धड झालेली नाही अशी बाई! शोना भाषेत एक शब्द आहे, तिनोगोना, म्हणजे जमेल, होण्यासारखं आहे. पुढे तिने आपल्या संस्थेला हेच नाव दिलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली कागदावर लिही आणि पुरून ठेव. तिने चार गोष्टी लिहिल्या. आईने वाचून घेतलं आणि म्हणाली हे सगळं तुझ्या एकटीचं झालं, पाचवी ओळ लिही, गावासाठी काय करशील ते. मग तिने लिहिलं की परत येऊन गावातल्या मुलींना शिकायची सोय करीन. पत्र्याच्या डब्यात कागद, आणि गुरं चारायला जायची त्या माळावर दगडाखाली तो डबा पुरला.

इथपर्यंत सगळे सांगतात. आणि मग एकदम "तिने अमेरिका गाठली" असं येतं. अरे पण कशी गाठली? दहावीच्या पातळीची परीक्षा पास नाही तर कुठल्या कॉलेजात घेणार? ती पोस्टाने शिकली. घरचं सगळं करून रात्री अभ्यास, परीक्षेला बसायचं, नापास, पैसे साठवायचे, परत बसायचं, परत एखादा विषय अडकणार. अशी जवळपास आठ वर्षं. मधल्या काळात अशा संस्थांची कामं करून कमवायची पण. आमचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, तिकडे गोवर्धनला गंगापूर धरणाच्या वाटेवर, तिथली पुस्तकं पोस्टाने यायची त्या जाड खाकी पाकिटाची मला अजून आठवण आहे, आणि मी तर एकटी जीव, पोरं नाहीत, शेती नाही, मारणारा नवरा नाही, तरी दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राच्या पुस्तकाचं पाकीट मी दोन महिने फोडलं नव्हतं.

१९९८ ला तिला ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. आईने गाय विकली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शेळ्या विकल्या. असे जमवून चार हजार डॉलर झाले, तेव्हाच्या भावाने दीड लाखाच्या वर, ते तिने एका लांब मोज्यात गुंडाळून कमरेला बांधले आणि विमानात बसली. पाच पोरं बरोबर. आणि नवरा पण बरोबर!

नवऱ्याचं मला समजायला वेळ लागला. ज्याच्यापासून सुटायचं तोच तिकिटासकट बरोबर. पण मग वाटलं आपल्याकडे तरी काय वेगळं असतं, दुकानात येणाऱ्या कितीजणींना गाईडकडे जाताना सुद्धा घरचं माणूस सोबत लागतं. तिकडे जाऊन पण मारणं सुरूच राहिलं. एका जुनाट ट्रेलरमध्ये राहायचे सगळे, थंडीत गारठून. ही कॉलेज पण करायची आणि मिळतील ती कामं पण करायची, झोप नावाला. पोरांच्या पोटाला पुरेना म्हणून कचऱ्याच्या डब्यातलं खायचं काढून आणायची. फी थकली, कॉलेज सुटायची वेळ आली. तेव्हा युनिव्हर्सिटीतलाच एक अधिकारी मध्ये पडला, त्याने लोकांना सांगून पैसे उभे केले, त्याच्या चर्चने धान्य दिलं, राहायला बरं घर मिळालं. आणि एका सुपरमार्केटमधला ओळखीचा माणूस तारीख उलटलेली फळं-भाजी फेकून देताना नीट खोक्यात भरून कचरापेटीच्या बाजूला ठेवायचा आणि हिला कळवायचा, आज ठेवलंय, येऊन घेऊन जा.

मला या सगळ्या गोष्टीत तो खोकेवाला माणूस फार आवडला. एवढंच करत होता तो, फेकायचंच होतं, जरा नीट भरून ठेवत होता. अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्राबिप्रा नंतर आल्या.

२००१ ला पदवी, शेतीशिक्षणाची. २००३ ला मास्टर्स. त्याच सुमाराला मारहाणीमुळे नवऱ्याला अमेरिकेतून परत पाठवलं. इथे फॉरवर्ड संपवता आला असता, टाळ्या. पण तो परत आला, आजारी होऊन. एड्स. तिची टेस्ट निगेटिव्ह आली. आणि तिने त्याला घरात घेतलं, शेवटपर्यंत त्याचं सगळं केलं, आणि तो गेला. त्या निफाडच्या मॅडमचं आणि माझं यावरून थोडं वाजलं. त्या म्हणाल्या हेच तर मोठेपण. मला नाही पटलं. मी म्हटलं मी असते तर नसतं घेतलं, पेपरच्या तुकड्यासाठी मारणाऱ्याला मी पाणी सुद्धा विचारलं नसतं. अजूनही मला तसंच वाटतं. पण एक आहे, पुढे मिशिगनला वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीत तिने पीएचडी केली ती एड्स रोखण्याच्या कामावरच, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या बायका-मुलींपर्यंत ते काम कितपत पोचतं यावर. आता हा विषय तिने कुठल्या लायब्ररीत शोधला असेल? आमच्याकडे विषय मिळत नाही म्हणून वर्ष वर्ष बसलेली पोरं येतात.

डिसेंबर २००९ ला ती डॉक्टर झाली. मधे मधे गावी जायची तेव्हा डबा उकरून कागदावर एकेका ओळीपुढे खूण करून यायची, परत पुरायची.

नावाचं एक सांगायचं राहिलं. ट्रेंट हे आडनाव तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं, तो शास्त्रज्ञ, पिकांच्या रोगांवर काम करणारा. थिसिसवर नाव कोणतं टाकायचं हा आमच्याकडे रोजचा तमाशा असतो. मार्कशीटवर माहेरचं, आधारला सासरचं, गॅझेट केलेलं नाही, युनिव्हर्सिटी म्हणते रजिस्ट्रेशनला होतं तेच टाका, नवरा म्हणतो आमचं टाका, आणि ठसे जुळवून मी उभी. असं झालं की मला केनियाच्या वांगारी मथाई आठवतात, त्यांचं मी पूर्वी कधीतरी दिवाळी अंकात वाचलं होतं. १९७१ ला नैरोबी विद्यापीठातून पीएचडी, पूर्व आणि मध्य आफ्रिकेतली पहिली बाई. नवऱ्याने घटस्फोट दिला आणि वर माझं आडनाव लावायचं नाही म्हणाला. यांनी काय केलं, आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्तीचा घातला. झालं नवीन आडनाव, घे तुझं तुला. २००४ चं शांततेचं नोबेल त्याच जास्तीच्या ए-सकट मिळालं. मी हे एकदा एका भांडणाऱ्या जोडप्याला सांगितलं होतं. बाई हसली, साहेब नाही हसले.

तर पाचवी ओळ. तेरेरायला ओप्राने कार्यक्रमात बोलावलं आणि २०११ ला परत बोलावून शाळेसाठी पंधरा लाख डॉलर दिले. ज्या मताऊ शाळेत भाऊ जायचा आणि ही घरी बसून त्याचा गृहपाठ करायची, तीच शाळा नव्याने बांधून काढायचं काम त्यातून उभं राहिलं. हे ऐकून मला एकदम त्या मास्तरांची आठवण झाली. घरी येऊन वडिलांशी बोलायची त्यांना काय गरज होती, पगार तेवढाच मिळणार होता.

त्या रविवारी मी सिन्नरला गेले होते. आई आता विड्या वळत नाही, बोटं दुखतात. अंगणात बसून वाल सोलत होती, मी तिला हे सगळं सांगितलं, गाय विकली ते, मोज्यातले पैसे, कचऱ्यातलं खाणं. ती मधेच म्हणाली, पाच पोरं नेली बरोबर? कोण सांभाळायचं मग? मी म्हटलं तीच. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली ते परीक्षेचं परत सांग. मी सांगितलं, पोस्टाने अभ्यास, नापास व्हायची, परत बसायची, अशी आठ वर्षं.

"आठ वर्षं," आई म्हणाली. "मी तर तीनदाच बसले."

वाल सोलणं चालूच होतं. दाणे ताटात, फोलपटं शेळीच्या घमेल्यात. थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं,

"गणिताला आता कॅल्क्युलेटर चालतो का गं?"

नाही म्हटलं, दहावीला अजून नाही चालत.

"मग राहू दे," म्हणाली, आणि ताट माझ्याकडे सरकवलं, बसलीच आहेस तर सोल.